माडीवरचं १९५३

आमचा भाचा अमेरिकेहून आला की घरातली मंडळी आधी त्याच्या बॅगांकडे बघतात आणि मग त्याच्याकडे. दोष मंडळींचा नाही. गेली वीस वर्षं त्या बॅगांतून चॉकलेटं, बदाम, अत्तराच्या बाटल्या असं काहीबाही निघत आलेलं आहे. त्यामुळे गेल्या दिवाळीत तो दोन अगडबंब बॅगा घेऊन खामगावला उतरला, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी त्याच्या ताटात दोन अनारसे जास्त वाढले.

मग बॅगा उघडल्या. पहिलीतून रूळ निघाले. दुसरीतूनही रूळच निघाले. शिवाय बोटभर उंचीची झाडं, काड्यापेटीएवढी घरं आणि चिंधीत गुंडाळलेले मालगाडीचे डबे. सौ.ने ताटाकडे पाहिलं, पण वाढलेला अनारसा परत घेता येत नाही.

हकिगत अशी होती. भाच्याला खेळण्यातल्या आगगाड्यांचा नाद. नाद म्हणजे पोरांनी चावी देऊन सोडायची गाडी नव्हे. डोंगर, पूल, स्टेशन, सिग्नल यांच्यासकट अख्खा अमेरिकन रेल्वेमार्ग टेबलावर उभा करायचा, आणि तोही अचूक प्रमाणात. हे सगळं त्याच्या तिकडच्या फ्लॅटमध्ये मावेना. सुनेने निर्वाणीचा खलिता दिला, "एक तर रेल्वे राहील, नाही तर मी." भाचा शहाणा. त्याने रेल्वेची बदली खामगावला केली.

"मामा, तुमची माडी रिकामीच असते ना?"

माडी रिकामी नसते. तिथे उन्हाळ्यात सांडगे-पापड असतात, पावसाळ्यात गाद्या असतात आणि बारमाही माझ्या इतिहासाच्या वह्या असतात. पण मी 'हो' म्हणून बसलो. छत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यात 'नाही' म्हणायची सवयच राहिली नाही. पोरांना आधीच सुट्टी हवी असते.

त्याच संध्याकाळी रूळ जोडून, विजेचा ट्रान्सफॉर्मर भिंतीतल्या प्लगात खोचला. तो होता अमेरिकेतला, एकशे दहा व्होल्टांवर वाढलेला. आपल्याकडच्या दोनशे तीस व्होल्टांची त्याला कल्पना नव्हती. एक 'फट्' असा आवाज झाला आणि माडीभर निळसर धूर पसरला. आमच्या रेल्वेत इंजिन यायच्या आधीच धूर आला. शेजारचे काका कठड्यावरून डोकावून म्हणाले, "काय राजेहो, या वयात आगगाडी? अन् तेबी कोळशाची?"

भाचा जाताना नवा ट्रान्सफॉर्मर आणि एक काम देऊन गेला. डबे होते, पण इंजिनं नव्हती. "दोन इंजिनांचं बजेट आहे, मामा. एक तरी डिझेल हवं. पण आधी काळ ठरवावा लागतो. काळ ठरला की इंजिन ठरतं. तुम्ही इतिहासाचे मास्तर, तेव्हा काळ तुम्हीच ठरवा."

काळ ठरवायचा म्हणजे काय, हे मला चटकन उमगलं, कारण आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदा अफझलखानाच्या वधाला हजर असलेल्या मावळ्याने मनगटी घड्याळात किती वाजले ते पाहिलं होतं. टेबलावरच्या रेल्वेतही तेच. १९५० सालचं स्टेशन असेल तर फाटकाशी उभी मोटार १९५० पर्यंतचीच हवी, भिंतीवरची जाहिरात तेव्हाची हवी, बायांचे झगे तेव्हाच्या लांबीचे हवेत. तिथे १९७२ सालचं इंजिन आणून उभं केलं, तर या नादातली जाणती माणसं त्या मावळ्याकडे पाहावं तसं तुमच्याकडे पाहतात.

मी वही घेतली आणि अमेरिकन डिझेल इंजिनांचा इतिहास वाचायला बसलो. बसलो तो तीन महिने उठलोच नाही.

आधी मापाची गोष्ट. भाच्याची गाडी 'एचओ' मापाची, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची. रूळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. मला वाटलं, अमेरिका कशाला, आपलं जळंब-खामगावच करू की! मेन लाइनवरचं जळंब जंक्शन ते खामगाव हे अंतर आठ मैल, म्हणजे जवळजवळ तेरा किलोमीटर. त्याला सत्त्याऐंशीने भागलं तर दीडशे मीटरच्या आसपास येतं. आमची माडी चौदा फूट. म्हणजे जळंबहून निघालेली गाडी शेजारच्या काकांच्या मोरीतून, पिठाच्या गिरणीतून आणि मारुतीच्या देवळातून पुढे जाऊन कुठेशी खामगावला पोचली असती. शिवाय आपले रूळ ब्रॉड गेज, साडेपाच फुटांचे. अमेरिकेचे चार फूट साडेआठ इंचांचे. त्या मापात आपले रूळ साडेसोळा मिलिमीटरांचे नव्हे, एकोणीस मिलिमीटरांहून जरा जास्तच रुंद हवेत. तो बेत तिथेच संपला. चौदा फुटांत पावणेचारशे मीटर मावतात, म्हणजे एक फलाट आणि थोडीशी हुरहुर.

तेव्हा अमेरिकाच करायची ठरली. आता साल.

डिझेलचा खरा पराक्रम १९३९ चा. त्या वर्षी जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने 'एफटी' नावाचं चार तुकड्यांचं, ५,४०० अश्वशक्तीचं डिझेल बाहेर काढलं आणि ते देशभर नमुना म्हणून फिरवलं. अकरा महिन्यांत वीस रेल्वे कंपन्यांच्या रुळांवर ते त्र्याऐंशी हजार मैलांहून जास्त धावलं. हा मुलगी दाखवण्याचा कार्यक्रमच होता. फरक एवढाच की पाहुण्यांनी पोहे खाऊन 'कळवतो' म्हटलं नाही. त्यांचे डोळे उघडले. वाफेच्या इंजिनाला पेटवून दम भरायला तास न् तास लागतात, थोड्या थोड्या मैलांवर पाणी लागतं, राख काढावी लागते, बॉयलर धुवावा लागतो. डिझेल बटण दाबलं की तयार. घाटात दोन वाफेची इंजिनं लावली तर त्यांना दोन जोड्या माणसं लागायची. डिझेलची चार इंजिनं एकाला एक जोडली तरी पुढच्या केबिनमधला एकच ड्रायव्हर चौघांना हाकतो. वाफेच्या इंजिनाचं काय होणार हे अकरा महिन्यांत ठरलं. मध्ये महायुद्ध आलं म्हणून त्याला थोडी मुदत मिळाली, इतकंच.

पण १९३९ साल घेतलं तर डिझेलं मोजकीच मिळतात. १९६० नंतरचं घेतलं तर अमेरिकेत वाफेचं इंजिन जवळजवळ उरतच नाही. त्यामुळे या नादातले बहुतेक लोक मधला काळ धरतात, १९४५ ते १९५५ च्या आसपासचा. त्या काळात एकाच स्टेशनात एका फलाटावर वाफेचं इंजिन फुसफुसत उभं असे आणि दुसऱ्यावर डिझेल गुरगुरत असे. सासू आणि सून एकाच स्वयंपाकघरात असतानाचा काळ हाच पाहायला गमतीचा. ज्यांना त्यात राहावं लागतं त्यांचं वेगळं.

मी यादी करून रविवारच्या फोनच्या आधी घरात सभा भरवली. पहिला उमेदवार १९४९ सालचं 'एफ-७'. नाकाडावर गोलाई, अंगावर सांता फे कंपनीचा लाल-रुपेरी रंग. सौ. म्हणाली, "हेच घ्या, पैठणीसारखं दिसतं." दुसरा उमेदवार त्याच सालचा 'जीपी-७'. जीपी म्हणजे सर्वसाधारण कामाचा. अमेरिकन लोक त्याला लाडाने 'गीप' म्हणतात. हा माल ओढतो, पॅसेंजर ओढतो, यार्डात शंटिंगही करतो. अंगाने चौकोनी, दिसायला साधा; आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कसारखा. याचा धाकटा भाऊ १९५४ सालचा 'जीपी-९'. दोघे इतके सारखे की कुशीवरच्या झरोक्यांवरून ओळखावे लागतात. त्या झरोक्यांपायी मी भिंगाने फोटो पाहत दोन रात्री जागून काढल्या. सौ. म्हणाली, "लग्नाच्या वेळी माझा फोटोसुद्धा तुम्ही एवढा पाहिला नव्हता." नातवाने 'वंदे भारत घ्या' असं मत दिलं. ते काळाच्या मुद्द्यावर फेटाळण्यात आलं.

तिसरा उमेदवार आल्कोचा 'आरएस-३'. इथे माझी गाडी अडली.

आल्को म्हणजे अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी. न्यूयॉर्क राज्यात स्केनेक्टडी नावाचं गाव आहे, तिथला हा कारखाना. या मंडळींनी आयुष्यभर वाफेची इंजिनं केली. १९४१ साली 'बिग बॉय' नावाचं जगातल्या सर्वांत अवाढव्य इंजिनांपैकी एक केलं ते यांनीच. मग काळ बघून डिझेलकडे वळले. पण पिढीजात सवय जात नाही, म्हणतात ना! आल्कोचं डिझेल जोर लावताना असा काळा धूर सोडायचं की अमेरिकेतल्या शौकिनांनी या इंजिनांना 'मानद वाफेची इंजिनं' असं नाव दिलं. विद्यापीठं मानद डॉक्टरेट देतात, तसं.

आरएस-३ चा फोटो पाहिला आणि मी चमकलो. लांबलचक बोनेट, एका टोकाकडे सरकलेली केबिन, पुढे एक आखूड बोनेट. हे ध्यान मी कुठेतरी पाहिलं होतं. कुठेतरी म्हणजे जळंब, नांदुरा, मलकापूर, शेगाव. पुढे १९९० च्या आसपास आमच्या मेन लाइनवर विजेच्या तारा आल्या, त्याआधी ज्या डिझेल इंजिनाचा पट्टा पाहत मी तरुणपण घालवलं, त्याच घराण्यातलं हे. आपलं 'डब्ल्यूडीएम-२'. डब्ल्यू म्हणजे ब्रॉड गेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे मालाला आणि पॅसेंजरला दोन्हींना चालणारं. २,६०० अश्वशक्तीचं हे इंजिन आल्कोच्या आराखड्याचं. १९६२ साली पहिली इंजिनं स्केनेक्टडीहून बोटीने आली आणि जानेवारी १९६४ पासून ती बनारसच्या कारखान्यात होऊ लागली. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत अडीच हजारांहून जास्त झाली. गंमत म्हणजे खुद्द आल्कोने १९६९ मध्ये इंजिनं करणं बंद केलं. माहेर बुडालं आणि सासरी मात्र वंश वाढत राहिला.

आरएस-३ आणि आपलं डिझेल ही सख्खी भावंडं नव्हेत, चुलत. आरएस-३ च्या पोटातलं यंत्र जरा तक्रारखोर निघालं, म्हणून कंपनीने '२५१' नावाचं नवं यंत्र केलं. आपल्याकडे आलं ते हे. पण चेहरेपट्टी घराण्याची. आणि धूरही.

आता कोणी म्हणेल, खामगावचा अमेरिकेशी संबंध एवढाच. तर नाही. खामगावला रेल्वे मुळात आणली अमेरिकेनेच. १८६१ ते १८६५ तिकडे यादवी युद्ध चाललं, दक्षिणेकडची बंदरं अडली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. साहेबाला एकदम वऱ्हाडची आठवण झाली. भाव कडाडले, खामगाव हिंदुस्थानातल्या मोठ्या कापूस बाजारांत गणलं जाऊ लागलं. पण मेन लाइन जाते जळंबवरून, आठ मैलांवरून. गाठी बैलगाडीतून जायच्या. म्हणून खामगावला फाटा काढायचं ठरलं आणि १८७० मध्ये तो सुरू झाला. उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आला. तोवर युद्ध संपून पाच वर्षं झाली होती आणि भावही उतरले होते. गाडी उशिरा येण्याची आपली परंपरा ही अशी पहिल्या दिवसापासूनची आहे.

हे सगळं मी रविवारी फोनवर भाच्याला ऐकवलं. तो म्हणाला, "म्हणजे आरएस-३ नक्की?" मी म्हटलं, "नक्की म्हणवत नाही." तो म्हणाला, "का?"

'का' ते फोनवर सांगता आलं नाही. इथे सांगतो.

माझे वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये फायरमन होते. क्लीनर म्हणून लागले, मग फायरमन झाले. मध्यरात्री कॉलबॉय येऊन दार वाजवायचा, वडील उठायचे, आई डबा भरायची आणि ते लाइनबॉक्स घेऊन अंधारात निघून जायचे. परत यायचे तेव्हा डोळे तेवढे पांढरे. आमच्या वाड्यात पोरांना भीती घालायला बागुलबुवा लागत नसे. पण फावडं चालवावं तर त्यांनीच. कोळसा कुठे टाकायचा, किती पातळ पसरायचा, पुढे चढ आहे म्हणून आधीच कधी टाकायचा, हे त्यांच्या दंडाला ठाऊक होतं. ते म्हणायचे, "इंजिन म्हंजे म्हैस. चारापाणी कोण घालतं ते तिला समजते."

मग डिझेल आलं. वडील ट्रेनिंगला गेले आणि 'डिझेल असिस्टंट' होऊन आले. हुद्दा इंग्रजी झाला, पगार चुकला नाही. काम काय? ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं, सिग्नल दिसला की मोठ्याने सांगायचा, मधूनमधून मागे जाऊन यंत्र बघून यायचं. पहिल्या दिवशी घरी आले तेव्हा सदरा जवळजवळ पांढराच होता. आईला आनंद झाला. तिने आयुष्यभर ते कपडे धुतले होते. वडील मात्र ओट्यावर बसून हाताकडे बघत होते. "कसं गेलं?" मी विचारलं. म्हणाले, "बसून."

तेव्हा मी पोरगा होतो. मला वाटलं, बसून पगार मिळतो तर माणसाने खूश व्हावं. आता तो इतिहास वाचताना कळलं की त्याच ओट्यावर अमेरिकेतही माणसं बसली होती. तिथल्या फायरमनांच्या संघटनेने १९३७ मध्येच करार करून घेतला होता, की डिझेलवरही फायरमन असेल. आग नाही, कोळसा नाही, पण फायरमन आहे. कंपन्या पंचवीस वर्षं कुरकुरत राहिल्या. शेवटी १९६३ मध्ये प्रकरण त्यांच्या पार्लमेंटात गेलं, लवाद बसला आणि १९६४ पासून मालगाड्यांवरचे आणि यार्डातले फायरमन हळूहळू खाली उतरवले गेले. पुस्तकात हे सगळं अर्ध्या पानात आहे. उरलेली तीनशे पानं झरोक्यांवर आहेत.

कंपन्यांचं चुकलं असं म्हणायला मी बसलेलो नाही. डिझेल स्वस्त होतं, सोयीचं होतं, त्यात माणसाची कंबर मोडत नव्हती. वडिलांनाही म्हातारपणी पाठ सरळ राहिली ती त्या 'बसून'मुळेच. पण दुकानातल्या काचेत लाल-रुपेरी एफ-७ ठेवून 'काळ निवडा' म्हणतात, तेव्हा आपण नुसता रंग निवडत नसतो. कोणाला गाडीत ठेवायचं आणि कोणाला उतरवायचं, तेही ठरवत असतो.

पुढच्या रविवारी मी निर्णय सांगितला. साल १९५३. एक आरएस-३ आणि एक वाफेचं इंजिन. दोघं शेजारी शेजारी. पैठणी रद्द. भाच्याने विचारलं, "१९५३च का?" मी त्याला सांगितलं, की आरएस-३ चं उत्पादन १९५० ते १९५६ चं, तेव्हा १९५३ हे बरोबर मध्यावरचं वर्ष, त्या सुमारास वाफ आणि डिझेल दोन्ही रुळांवर आहेत, आणि फायरमनचा करार चालू आहे. माझा जन्म १९५३ चा, हा निव्वळ योगायोग.

दोन महिन्यांनी पार्सल आलं. इंजिनांबरोबर माणसांची एक डबी होती. माणूस दोन सेंटिमीटरांचा, तांदळाच्या तीन दाण्यांएवढा. मी चिमट्याने एक ड्रायव्हर उचलून आरएस-३ च्या केबिनमध्ये चिकटवला. मग दुसरा उचलला आणि डावीकडच्या खिडकीशी बसवला. त्याचा सदरा निळा होता. बारीक कुंचल्याने मी त्याच्या बाहीला थोडा काळा रंग लावला. भाचा फोटो पाहून म्हणाला, "मामा, डिझेलवर कोळशाचे डाग? हे पीरियडला धरून नाही." मी म्हटलं, "असू दे. कालच बदली होऊन आलाय."

आता राहिला उद्घाटनाचा प्रसंग. लॉर्ड मेयो उपलब्ध नसल्याने आमच्या सौभाग्यवतींना बोलावलं. त्या पापडांचं परातभर पीठ मळून, हात पुसत वर आल्या. टेबलाच्या एका टोकाला स्टेशन होतं, दुसऱ्या टोकाला स्टेशन होतं. मी आणि भाच्याने त्यांना अमेरिकन नावं देण्यावरून महिनाभर पत्रव्यवहार केला होता. सौ.ने दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे खामगाव. आणि ते जालना."

जालना तिचं माहेर. खामगाव-जालना रेल्वेची मागणी ब्रिटिश अमदानीपासूनची. पाहण्या झाल्या, अर्ज झाले, मोर्चे झाले. आमच्या जिल्ह्याचं ठाणं जे बुलढाणा, त्याच्या नशिबी अजून रेल्वेचा रूळ नाही. सौ. लग्न होऊन आल्यापासून चिखली, देऊळगाव राजा करत बसनेच माहेरी जाते, पिशवी मांडीवर आणि ऊलटीची गोळी पदराच्या गाठीत.

मी समजावणीच्या सुरात म्हटलं, "अगं, हे १९५३ सालचं अमेरिकन दृश्य आहे. तिथे तेव्हा जालन्याला गाडी कशी जाणार?"

"इथे तरी कुठे जात होती?" ती म्हणाली.

इतिहासाच्या मास्तराला या मुद्द्यावर उत्तर सुचलं नाही. मी पुठ्ठ्याची पाटी कापली, तीवर 'जालना' लिहिलं आणि बटण दाबलं. आरएस-३ गुरगुरत निघालं. डाव्या खिडकीत फायरमन बसलेलाच होता. सात सेकंदांत गाडी जालन्याला पोचली.

सौ. म्हणाली, "आता परत आणा सावकाश. एवढ्या लवकर माहेरून कोणी येत नाही."